सातवी बदली

सरांनी चहाच्या बशा टेबलावर एका ओळीत मांडल्या आणि कप्तानच्या आईकडे बटणांचा डबा मागितला. आई घरीच शिवणकाम करायची, त्यामुळे डबा मशीनशेजारी होता. तिने तो पुढे सरकवला खरा, पण झाकणावरचा हात काही काढला नाही.

"हरवू नका हं. एकसारखी बटणं जमवताना जीव जातो माझा."

"नाही हरवत. आता बघा, ही पहिली बशी." सरांनी कोटाची मोठी काळी बटणं तिच्यात टाकली. "हे आशियातले फुटबॉलमधले दादा देश. हे सुरुवातीला एकमेकांसमोर येत नाहीत. ही दुसरी बशी, ही तिसरी. जसा क्रमवारीतला नंबर, तशी बशी. मग प्रत्येक बशीतून एकेक बटण उचलायचं आणि गट बांधायचा. झाली पात्रता फेरीची सोडत."

"आणि आपण कुठे?"

सरांनी शर्टाचं एक पांढरं बटण चौथ्या बशीच्या काठावर ठेवलं. ते राहीना, आत घसरलं. त्यांनी ते पुन्हा उचलून काठावर ठेवलं आणि बोटाने धरून ठेवलं.

"आपण इथे. शेवटच्या बशीत शेवटचे. आपल्या खाली जे देश आहेत ना, त्यांना बशीच नाही. त्यांनी आधी आपापसात पूर्वफेरी खेळायची. एक सामना यांच्याकडे, एक त्यांच्याकडे. जिंकला तो बशीत आला. हरला तो..."

"चार वर्षं घरी," कप्तान म्हणाली. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती.

"ते मला नको सांगूस," आई म्हणाली. "धडधाकट पोर, आणि खेळायला सामनाच नाही. सकाळी धावायची, संध्याकाळी धावायची, आणि मधल्या वेळात माझं डोकं खायची. दुष्मनावरसुद्धा अशी पाळी येऊ नये."

सर हसायला गेले, पण मायलेकींपैकी कुणीच हसत नव्हतं. ती चार वर्षं सरांनाही पाठ होती. तेव्हा ते संघाचे मदतनीस प्रशिक्षक होते आणि ही पोरगी सगळ्या संघात वेगाने सगळ्यात पुढे होती. पूर्वफेरीतला दुसरा सामना शेवटच्या मिनिटाला हातचा गेला, आणि पायात खरी ताकद होती तेव्हाची वर्षं तिने मैदानाला फेऱ्या मारण्यात घालवली. त्यानंतर ती कप्तान झाली, अख्ख्या संघाची ताई झाली, पण तो वेग काही परत आला नाही.

"मग आता कशाला सामना घेताय?" आईने विचारलं. "बशीत बसलोय ना आपण? मग बसावं की गप्प. हरलं तर नंबर खाली जाणार. न खेळलं तर कोण काय वाकडं करणार?"

महासंघाचंही तंतोतंत हेच म्हणणं होतं. जिंकलं की गुण वाढतात, हरलं की जातात, आणि जो खेळतच नाही त्याचे जागच्या जागी राहतात. म्हणून वर्षभर या संघाने एकही मैत्रीपूर्ण सामना घेतला नव्हता. फुटबॉलचा संघ, आणि फुटबॉल तेवढा खेळायचा नाही! सरांना याची लाज वाटायची. पण हा डाव त्यांनीच सुचवलेला होता, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

"हिच्यासाठी घेतोय," ते म्हणाले.

कप्तान कप पुसायची थांबली.

तिचा मागचा सामना दोन वर्षांपूर्वीचा. गुडघा फिरला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. आता गुडघा बरा होता, म्हणजे जेवढा होणार होता तेवढा झाला होता. पात्रता फेरीचा भार तो पेलणार नाही हे तिला कळत होतं, सरांना कळत होतं, डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं. तिने सरांकडे एवढंच मागितलं होतं: "एक सामना द्या, सर. खराखुरा, नोंद होईल असा. माझ्या नावापुढे शेवटची ओळ ती स्ट्रेचरची नको." इतक्या वर्षांत तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. सर लगेच हो म्हणाले होते.

"तुम्ही आलात तर तिला बरं वाटेल," सर आईला म्हणाले. "त्यासाठीच आलोय मी."

"मला बघवत नाही हो. लाथा मारतात तिला."

"तीही मारते की," सर म्हणाले, तेव्हा कुठे आई हसली आणि येते म्हणाली. मग तिने बटणं मोजून डब्यात भरली.

जे सरांनी बशा मांडून सांगितलं नाही, ते महासंघाच्या सचिवांच्या खोलीत घडलं होतं.

सचिव काही वाईट माणूस नव्हता. मुलींचा संघ बंद करा असं वरून आलं होतं, तेव्हा हाच भांडला होता. सरांनी सामन्याची गोष्ट काढल्यावर तो बराच वेळ चष्मा पुसत बसला.

"भावना मलाही आहेत, सर. पण सोडतीसाठी क्रमवारी या महिनाअखेरची धरणार. हरलो तर सरळ पूर्वफेरीत. तिथे हरलो तर पुढची चार वर्षं या पोरींना काय सांगू मी? मैदानाला फेऱ्या मारा?"

"हरायला कशाला पाहिजे?"

"पाहिजे असं कोण म्हणतंय?" सचिवाने चष्मा घातला. "एक वाट आहे. मैत्रीपूर्ण सामन्यात सहा बदल्या चालतात. सातवी खेळाडू बदलली की तो अधिकृत सामना राहत नाही. सराव होतो. क्रमवारीत धरत नाहीत, कुणा खेळाडूच्या नावावर लागत नाही. दोन्ही संघांनी आधी ठरवायचं आणि रेफ्रीच्या कानावर घालायचं, बस. हरायला लागलात की सातवी बदली करा. सामना झालाच नाही असं समजायचं."

"पाहुणे मानतील?"

"मानलंय त्यांनी. मी फोन केला होता. तेही आपल्यासारखेच काठावर आहेत. ते हरायला लागले तर ते सातवी काढणार. त्यांचा प्रशिक्षक हसत होता. म्हणाला, म्हणजे सामना धरला जायचा असेल तर दोघांपैकी कुणीही जिंकता कामा नये."

सरांना हसू आलं नाही. पण त्यांनी मान हलवली. बरोबरी होईल, ते मनात म्हणाले. दोन्ही संघ सारखेच, बरोबरी व्हायला काय हरकत आहे? आणि माणसाने स्वतःची समजूत घालायला घेतली की ती किती चटकन पटते! कप्तानला सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी ठरवलं की उगाच तिच्या डोक्याला ताप नको.

सामन्याच्या दिवशी ऊन होतं. अर्धंअधिक स्टेडियम रिकामं होतं, पण जे आले होते ते कप्तानसाठी आले होते. आई पहिल्या रांगेत छत्री उघडून बसली आणि मागच्या माणसाने ती मिटायला लावली. नाणेफेकीसाठी दोन्ही कप्तान मधोमध गेल्या. रेफ्री दोघींशी जरा जास्तच वेळ बोलत होते. सर बाकावरून बघत होते, पण तेवढ्यात शेजारी बसलेल्या धाकटीने त्यांना विचारलं, "सर, मी वॉर्मअप करू?"

धाकटी म्हणजे संघातली सगळ्यात लहान. शिबिराला पहिल्यांदाच आलेली, अजून देशाकडून एकदाही न खेळलेली. सकाळपासून तिने बुटांच्या नाड्या कितीदा सोडल्या आणि बांधल्या असतील देव जाणे.

"अजून सामना सुरू नाही झाला, बाई," सर म्हणाले. "श्वास घे."

कप्तान बचावफळीच्या मधोमध उभी राहिली, जिथे ती नेहमी उभी राहायची. तिचा वेग गेला होता हे लपत नव्हतं. पण चेंडू कुठे येणार हे तिला तो निघायच्या आधी कळायचं, आणि ती तिथे चालत जाऊन उभी राहायची. पाहुण्यांची उंच आघाडीची खेळाडू वैतागली. एकदा तिने कप्तानला मागून पाडलं. पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "अगं ए, डोळे फुटले का?" आणि दोन्ही बाक हसले.

मध्यंतराला गोल नव्हता. बरोबरी, सर मनात म्हणाले. कप्तान कोपऱ्यात बसून पाणी पीत होती.

"कसा आहे?" त्यांनी गुडघ्याकडे बोट केलं.

"आहे." मग तिने विचारलं, "किती बदल्या करणार, सर?"

"बघू. सगळ्यांना थोडं थोडं पळवायचं आहे."

तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

उत्तरार्धात सर एकेक करून मुली बदलत गेले. आघाडीची बदलली, दोन्ही बगलांच्या मुली बदलल्या, मधली फळी बदलली. ऊन होतं, पोरी दमत होत्या. सहावी बदली झाली आणि थोड्याच वेळात पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, आपल्या गोलरक्षकाच्या बोटांना लागून खाली पडला, आणि त्या उंच मुलीने तो पायाच्या टोकाने आत ढकलला. गोल असा नव्हताच, नुसता धक्काबुक्कीतला गोल. पण गोल तो गोल.

सचिव गॅलरीतून उतरून थेट कठड्यापाशी आला. त्याने आवाज चढवला नाही.

"सर. सातवी."

सरांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. बाकावर आता दुसरी गोलरक्षक आणि धाकटी, एवढ्या दोघीच उरल्या होत्या. समोर कप्तान चेंडू छातीवर घेऊन पुढे ढकलत होती, आणि सगळ्यांना वर जा, वर जा म्हणून ओरडत होती. या वयात, या गुडघ्याने. नाही करणार, त्यांनी ठरवलं. हरलो तर हरलो. पूर्वफेरी तर पूर्वफेरी, बघून घेऊ. या एका बाईचा एक सामना खरा राहू दे. ठरवल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी हाताची घडी सोडली.

"सर, वेळ जातोय," सचिव म्हणाला.

"जाऊ दे," सर म्हणाले.

शेवटी शेवटी आपल्याला फ्री किक मिळाली. कप्तान पुढे गेली. तिने चेंडू दोनदा फिरवून ठेवला, दोन पावलं मागे आली आणि मारला. तो भिंतीवरून गेला, आडव्या खांबाला लागला आणि गोलच्या मागे गेला. सगळं स्टेडियम कळवळलं. सर बाकावरून उठले होते ते तसेच खाली बसले.

कप्तान मात्र परत जागेवर गेली नाही. ती चालत रेषेपाशी आली आणि दोन बोटं हवेत गोल फिरवली. मला बदला.

सर धावत गेले. "पाय?"

"पायाला काही झालं नाही."

"मग आत जा. थोडाच वेळ राहिलाय."

"सहा झाल्या, सर. मी मोजल्यात."

सरांचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"रेफ्रींनी. नाणेफेकीच्या वेळी. दोन्ही कप्तानांना सांगावं लागतं, सर. तुम्हाला माहीत असायला हवं होतं." ती चिडलेली नव्हती. हे त्यांना जास्त लागलं.

"मी नाही करणार. मी ठरवलंय. हा सामना तुझा आहे."

"ठरवलंत ना? बरं वाटलं मला." तिने हातानेच कपाळावरचा घाम पुसला. "पण आता बदला. मी आत जाणार नाही."

"अगं, मग दुसरी कुणी काढतो! तू थांब निदान शेवटपर्यंत."

"नको. दुसरीला कशाला? तिला वाटेल तिचंच काही चुकलं. आज इतक्या लोकांसमोर." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्या चार वर्षांत मी रोज सकाळी उठून ठरवायचे की आज नाही धावायचं. तरी धावायचे. कुणासाठी ते कळायचं नाही. या पोरींना ते नका देऊ, सर. मी हात जोडते हवं तर."

तिने खरंच हात जोडले असते. सरांनी घाईघाईने तिचे हात धरून खाली केले. रेफ्री त्यांच्याकडे बघत उभे होते. सर धाकटीकडे वळले. त्यांनी नुसता हात केला.

धाकटी बाणासारखी आली. कप्तानने दंडावरची पट्टी काढून उपकप्तानकडे दिली, मग रेषेवर उभ्या असलेल्या धाकटीच्या गालांवर दोन्ही हात ठेवले. "उंच मुलीला पाठ देऊ नकोस. आणि घाबरलीस तर मोठ्याने ओरड, समोरची जास्त घाबरते." चौथ्या पंचाने फलक वर केला. कप्तानचा आकडा लाल, धाकटीचा हिरवा.

तेव्हा लोक उभे राहिले. आधी पहिली रांग, मग सगळेच. पाहुण्यांच्या बाकावरच्या मुलीही उभ्या राहिल्या, आणि त्यांचा प्रशिक्षक, ज्याला सगळं ठाऊक होतं, तो टाळ्या वाजवायच्या आधी क्षणभर खाली बघत राहिला. लोकांना वाटलं, सरांनी मुद्दाम तिला अशी बाहेर घेतली, टाळ्यांसाठी. किती छान केलं, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. आई कठड्याला धरून रडत होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "माझी मुलगी. ती बघा. माझी."

कप्तान रेषेवरून बाहेर आली. सावकाश, पण दोन्ही पायांवर सारखा भार देत.

सामना संपला तेव्हा पाहुणे एका गोलने पुढे होते, आणि त्याला काही अर्थ उरला नव्हता. सचिवाने सरांना मिठी मारली.

"मानलं तुम्हाला! मला वाटलं, तुम्ही डगमगताय. आणि तिलाच काढलंत, लोकांना पत्ताही लागला नाही. डोकं पाहिजे!"

"मी नाही..." सर म्हणाले.

"सरच ते," मागून कप्तान म्हणाली. तिने गुडघ्याला बर्फ बांधला होता. "दुसऱ्या कुणाला सुचणार?" आणि ती ड्रेसिंग रूमकडे गेली.

सर तिच्या मागून निघाले. मुलींना सगळं सांगायला हवं होतं. सामना धरला जाणार नाही, आपण होतो तिथेच आहोत, पूर्वफेरी टळली, गटात खेळायला मिळणार. चांगलीच बातमी होती. दारातून आत पाऊल टाकताना ते मनात वाक्य जुळवत होते.

आत बहुतेक जणी बूट काढत बसल्या होत्या. धाकटी भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होती, एका कानात बोट घालून.

"बाबा, खेळले! अहो खरंच! ... नाही, शेवटी शेवटी, पण खेळले ना! ... ताईच्या जागी. हो, त्याच ताईच्या! ... आता मी आंतरराष्ट्रीय खेळाडू आहे, नीट बोला माझ्याशी!" ती हसली, आणि हसता हसता नाक ओढायला लागली.

सर दारातच थांबले. कप्तान बाकावर पाय लांब करून बसली होती. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली, जेमतेम दिसेल इतकी.

"आज नको, सर."

"कधीतरी सांगावंच लागेल."

"उद्या. मी सांगेन."

तेवढ्यात धाकटी वळली. तिने फोनवर हात ठेवला. डोळे पुसायचंही तिला सुचलं नव्हतं.

"ताई, बाबांचा विश्वासच बसत नाहीये. मी थट्टा करतेय म्हणतात. तुम्ही सांगता का त्यांना?"

आणि तिने फोन पुढे केला. ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी हसलं. सर भिंतीकडे बघू लागले. कप्तानने बर्फाने ओले झालेले हात टॉवेलला पुसले, एक एक बोट करून, आणि फोन घेतला.

"हो, काका," ती म्हणाली. "खेळली. मी समोरच होते."